साऊमावशी कुणाला काही विचारत नाही

लॉज चालवणाऱ्या बाईला डोळे असावेत पण नजर नसावी, असं साऊमावशीचं म्हणणं. दक्षिण व्हिएतनामातल्या कान थो शहरात विद्यापीठाच्या मागच्या फाटकापासून जी गल्ली कालव्यापर्यंत जाते, तिच्या टोकाला तिचं 'होआ सू' लॉज आहे. अकरा खोल्या, तासाचा दर वेगळा, दिवसाचा वेगळा. एकतीस वर्षं ती त्या काउंटरमागे बसली आहे आणि एकतीस वर्षांत तिने एकाही गिऱ्हाइकाला 'कशाला आलात, ही कोण' असं विचारलेलं नाही. ओळखपत्र घ्यायचं, नंबर वहीत उतरवायचा, किल्ली आणि टॉवेल पुढे सरकवायचा. एकदा तर तिच्या सख्ख्या बहिणीचा नवरा भलत्याच बाईला घेऊन दारात उभा राहिला. मावशीने त्यालाही किल्ली दिली, टॉवेल दिला आणि वर ओळखपत्र मागितलं. बहिणीला आजतागायत थांगपत्ता नाही.

साऊ म्हणजे सहा. भावंडांत ती पाचवी, पण आमच्याकडे मोजणी दोनपासून सुरू होते, थोरलं पोर भुताखेतांच्या नजरेत भरू नये म्हणून. कागदावरचं नाव वेगळंच आहे, ते फक्त वॉर्डातल्या पोलिसाला ठाऊक. दर मंगळवारी तो वही बघायला येतो, बर्फ घातलेला चहा पितो, सही करतो आणि जातो. आताचा पोलीस तोआन म्हणून पोरगेलासा आहे, मावशीच्या धाकट्या भाच्याच्या वयाचा. तरी ती त्याला 'तोआनसाहेब' म्हणते. गणवेश कुणाच्याही अंगावर असो, साहेब तो साहेब.

तिचा खरा राग होता तो कॉलेजच्या पोरांवर. पोट त्यांच्यावरच भरायचं, पण राग होताच. कुणी पाव किमतीत नवा फोन मिळतोय म्हणून पैसे पाठवून बसलेला, कुणी फोटोतल्या मुलीला महिनाभर खाऊपिऊ घालून शेवटी ती मुलगीच नव्हती असं कळून हात चोळत बसलेला. काउंटरपाशी येऊन एकमेकांना आपली कर्मकहाणी सांगायचे आणि मावशी टॉवेलांच्या घड्या घालत ऐकायची. चार बुकं शिकली की माणसाची अक्कल गहाण पडते, हे तिचं ठाम मत. आपण सहावीत शाळा सोडली ते बरंच झालं असं ती उघड बोलून दाखवायची.

तर एका सोमवारी दुपारी एक मुलगी एकटीच आली. असल्या लॉजमध्ये एकटी मुलगी येत नाही, आली तर मागून पाच मिनिटांनी कुणीतरी हेल्मेट न काढता येतो. ही तशी नव्हती. पाठीवर कॉलेजची सॅक, हातात फोन, आणि तो फोन तिने असा छातीशी धरलेला की जणू सांडेल. ओळखपत्रावर नाव हुइन्ह थी येम, गाव सोक त्रांगकडचं, वय एकोणीस.

"तीन दिवस," ती म्हणाली. "शांत खोली असेल तर बरं होईल मावशी. प्रोजेक्ट आहे."

मावशीने विचारलं नव्हतं, तरी तिने प्रोजेक्ट सांगून टाकला. जे न विचारता कारण सांगतात ते खोटं बोलतात, हे मावशीला अकरा खोल्यांनी शिकवलेलं. पण खोटं बोलायला बंदी कुठे आहे? तिने दोनशे तीनची किल्ली दिली, कालव्याच्या बाजूची.

मंगळवारी मुलगी खाली उतरलीच नाही. टॉवेल बदलायला मागितला नाही, खायला काही मागवलं नाही. फडकं मारता मारता मावशी दोनशे तीनपाशी पोचली तेव्हा आतून आवाज येत होता. मुलगी म्हणत होती, "जी. जी साहेब. समजलं साहेब." मग एका पुरुषाचा आवाज, फोनमधला, संथ आणि स्वच्छ, उत्तरेकडच्या वळणाचा. तसा उच्चार कानावर पडला की आमच्या दक्षिणेतला माणूस आपोआप चपला काढतो. बातम्या देणारे तसे बोलतात, मोठ्या कचेरीतले साहेब तसे बोलतात. मावशीने हिशेब लावला की हनोईकडचा कुणी लग्न झालेला, वयाने मोठा, पैसेवाला असणार. असल्या पोरींची असली लफडी तिने ढिगाने पाहिली होती. आपल्याला काय करायचंय, असं म्हणून तिने फडकं पुढच्या दाराकडे सरकवलं.

त्याच दिवशी तोआन येऊन वही बघून गेला. दोनशे तीनच्या नावावर त्याचं बोट क्षणभर थांबलं होतं. "एकटीच आहे का?" त्याने विचारलं. "अभ्यास करतेय," मावशी म्हणाली. गिऱ्हाइकाचं खोटं आपल्या तोंडाने पुढे देण्यातही तिचा एकतीस वर्षांचा हात बसलेला होता.

बुधवारी दोन वाजता मुलगी खाली आली. दोन दिवसांत तिचा चेहरा लिंबाएवढा झाला होता. केस तेलकट, ओठ फुटलेले. फोन तसाच छातीशी, पडदा बाहेरच्या बाजूला.

"मावशी, दोरी मिळेल का? कपडे वाळत घालायला."

मावशीने काउंटरखालून नायलॉनची दोरी काढून दिली. मुलीने दोन्ही हातांनी ती घेतली, मान लववली, "उपकार झाले मावशी" म्हणाली आणि जिना चढून गेली. मोठी वळणदार पोर, मावशीच्या मनात आलं. ती पुन्हा टॉवेलांच्या घड्या घालायला लागली. चौथी घडी घालताना तिचा हात थांबला. मुलीच्या अंगावर सोमवारचाच शर्ट होता. तिने धुतले कोणते कपडे, आणि वाळत घालणार काय?

लॉजवाला घाबरतो तो एकाच गोष्टीला. बंद खोली, एकटं माणूस आणि दोरी. मावशी पंचावन्न वर्षांची, गुडघे गेलेले, पण दोन जिने ती कशी चढली ते तिचं तिला कळलं नाही. दोनशे तीनच्या दाराला कान लावला. आत बोलण्याचा आवाज होता. देवा, जिवंत आहे. दारावर हात उचलला आणि तसाच खाली घेतला, कारण दार वाजवणं तिच्या हाताला माहीतच नव्हतं. मग तिने पुसायची बादली उलटी केली, तीवर चढली आणि दारावरच्या जाळीतून आत पाहिलं.

मुलगी जमिनीवर बसली होती. दोन्ही पाय घोट्यापाशी बांधलेले, तिने स्वतःच बांधलेले, गाठ अजून हातात होती. समोर किटलीला टेकवून फोन उभा केलेला. फोनमध्ये गणवेशातला माणूस, मागे झेंडा, टेबलावर फायलींची चळत.

"मान थोडी खाली," तो माणूस सांगत होता. "केस तोंडावर येऊ देत. डोळे चोळ जरा, लाल दिसले पाहिजेत. हां. आता हलू नकोस. शाब्बास."

मुलीने फोटो काढला आणि पाठवला.

मावशी बादलीवरून उतरली. तिला घाम फुटला होता, पण खरं सांगायचं तर तिच्या मनात पहिला विचार काय आला? की हे पोलिसांचं काम आहे, आपण यात पडू नये. गणवेश पाहिला आणि बाईची बुद्धी तिथेच बसली. ती चुपचाप खाली आली, काउंटरमागे बसली, स्वतःसाठी चहात बर्फ घातला. मला तिचा या ठिकाणी राग येतो, आणि तिलाही स्वतःचा येतो. वरती एक पोर पाय बांधून बसली आहे आणि ही चहा ढवळते आहे.

चहा ढवळता ढवळताच काहीतरी खुपायला लागलं. एकतीस वर्षांत तिने पोलीस पाहिले होते ते कसे? बोलावणं पाठवतात, बाकावर बसवतात, साहेब जेवायला गेलेत म्हणतात आणि संध्याकाळी सांगतात, उद्या या. कुणाशी दोन मिनिटं सरळ बोलायला त्यांना सवड नसते. आणि हा माणूस तीन दिवस एका पोरीशी बोलतोय. हळू आवाजात, न कंटाळता. वर शाब्बास म्हणतोय. शाब्बास म्हणणारा पोलीस साऊमावशीने जन्मात पाहिला नव्हता.

तिने तोआनला फोन लावला. जे पाहिलं ते सांगितलं. 

"मावशी, मी गेल्या महिन्यात एक कागद दिला होता. भिंतीला लावायला. कुठे आहे तो?"

"कॅलेंडरखाली असेल, साहेब."

"काढा आणि वाचा. मी निघालोच. तिला बाहेर जाऊ देऊ नका."

मावशीने गॅसवाल्याचं कॅलेंडर वर उचललं. खाली ठळक अक्षरांत तिच्याच लॉजची गोष्ट छापली होती. पोलीस असल्याचं सांगून विद्यार्थ्याला फोन येतो. तुझ्या नावावर गुन्हा आहे, कुणाला सांगितलंस तर आईबाप अडकतील, असं धमकावतात. एकट्याने खोली घ्यायला लावतात. मग त्याच्याच हाताने त्याला बांधून घ्यायला लावतात आणि तो फोटो घरी पाठवून पोर पळवलंय म्हणून पैसे उकळतात. सगळ्यात खाली लिहिलं होतं, लॉजमालकांनी एकट्या आलेल्या विद्यार्थ्यांची विचारपूस करावी.

तोआन सात मिनिटांत आला, धापा टाकत, पूर्ण गणवेशात. सरळ वर गेला, दोनशे तीनवर थाप मारली. "दार उघड. वॉर्ड पोलीस."

आत काहीतरी पडलं. मग मुलीचा आवाज आला, चिरका, श्वास नसलेला. "खोटे पोलीस आले साहेब. तुम्ही सांगितलं होतं तसेच आले," ती फोनमध्ये सांगत होती.

"मी खरा पोलीस आहे," तोआन म्हणाला. "तुझ्याशी बोलतोय तो चोर आहे."

"हेच बोलणार होता तुम्ही. साहेबांनी मला आधीच सांगितलंय." आता आवाज खोलीच्या पलीकडच्या कडेने येत होता. "दार मोडलंत तर मी खाली उडी टाकीन."

मावशी तोआनच्या मागोमाग येऊन पुन्हा बादलीवर चढली होती. मुलगी खिडकीत होती. एक पाय आत, एक पाय बाहेर, एका घोट्याला दोरी लोंबकळत. खिडकीखाली धक्क्याचं सिमेंट आणि त्यात होड्या बांधायचे लोखंडी खुंट. फोन तिच्या मुठीत होता आणि त्यातला आवाज अजूनही संथ होता. "घाबरू नकोस. आत आले तर ते तुला नेतील, तुझ्या आईला नेतील. दार उघडायचं नाही. मी आहे."

तोआन खांद्याने दार तोडायला मागे सरला. मावशीने त्याच्या शर्टाला मागून धरलं. एकतीस वर्षांत तिने पोलिसाच्या अंगाला हात लावलेला नव्हता.

"खाली जा तुम्ही," ती कुजबुजली. "जोडे वाजवत जा, तिला ऐकू येऊ दे."

"मावशी, ती उडी मारेल."

"तुम्ही इथे असलात तर मारेलच. तिच्या फोनात एक गणवेश आहे आणि दारात दुसरा. तीन दिवसांची ओळख त्याची आहे, तुमची नाही. जा."

तोआन गेला, जोडे वाजवत. मावशीही मागोमाग खाली उतरली. मागच्या चुलीवर तिचं स्वतःचं जेवण शिजत होतं, नारळपाण्यात आटवलेला मासा, मातीच्या मडक्यात. तिने ते मडकं रटरटतं उचललं, खाली नुसतं एक पातळ फडकं धरलं आणि वर आली. हाताला चटके बसत होते, ते नाटक नव्हतं.

"येम," ती दाराबाहेरून म्हणाली. "मी साऊमावशी. एकटीच आहे. तो पोलीस गेला."

मावशी दाराजवळ सरकली.

"काल सकाळपासून तू काही खाल्लं नाहीस. मासा आणलाय."

"नको मावशी." आवाज आता जरा अलीकडून आला. "तिथेच ठेवा."

"वाकता आलं असतं तर ठेवलं असतं. गुडघे वाकत नाहीत माझे. आणि मडकं आगीसारखं तापलंय पोरी, हात भाजतोय माझा."

आत फोनमधला माणूस म्हणाला, "उघडू नकोस."

"मावशीच आहेत साहेब," मुलगी हळूच म्हणाली. "वय झालंय त्यांचं. हात भाजतोय म्हणतात."

"थेरडी मरेना का तिकडे. दार उघडायचं नाही म्हणून सांगितलं ना तुला?"

 मावशीच्या बोटांची कातडी उठत होती आणि ती मनातल्या मनात कालव्याकडे कान लावून उभी होती. आता धप्प असा आवाज येतो की काय, एवढंच तिच्या डोक्यात. आमच्याकडची पोर काहीही करेल, पण म्हाताऱ्या बाईला गरम मडकं धरून दारात ताटकळत ठेवणार नाही. ज्या वळणाने ती 'जी साहेब' म्हणायला शिकली, त्याच वळणाने हेही शिकलेली असते. मावशीने सगळा डाव त्यावर लावला होता.

कडी सरकली. दार वीतभर उघडलं आणि फडकं धरलेले दोन हात बाहेर आले.

मावशीने आधी पाय घातला, मग खांदा. मुलीने काखेत दाबलेला फोन काढून घेऊन जमिनीवर ठेवला आणि त्यावर ते मडकं ठेवून दिलं. खालून आवाज आला, मग खरखर आली, मग काहीच नाही. मुलगी किंचाळून मडक्याकडे झेपावली. मावशीने तिला मिठी मारली, तिथेच जमिनीवर तिच्यासकट बसली आणि वाकत नसलेले गुडघे मुडपले जाऊन तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सोडा मला. चार वाजता माझी केस मिटणार होती," मुलगी म्हणत होती. "आता आईला धरून नेतील. तुम्हाला कळत नाही मावशी."

"कसली केस?"

आयुष्यात पहिल्यांदा साऊमावशीने गिऱ्हाइकाला प्रश्न विचारला. मुलीने तुकड्या तुकड्यात सांगितलं. तिच्या नावाने कुणीतरी खातं उघडलं होतं, त्यातून चोरीचा पैसा फिरला. साहेबांनी कागद दाखवला होता, शिक्का होता त्यावर. सहामाहीची फी जामीन म्हणून भरून घेतली. फोटो फक्त फायलीला लावायचा होता, टोळी तिचं काय करू शकते ते कोर्टाला दाखवायला.

तोआन जिन्यात उभा राहून ऐकत होता. मावशीने मान वळवली. "शर्ट काढून या आत," ती म्हणाली. आणि वॉर्डाचा पोलीस गणवेशाचा शर्ट काढून, नुसत्या बनियनवर, दारात मांडी घालून बसला. त्याला बघून कुणी घाबरलं नसतं, बरगड्या मोजता येत होत्या.

"बाळ, तो फोटो फायलीत नाही गेला," तो म्हणाला. "तुझ्या आईला गेलाय. तुला पळवलंय म्हणून. आईचा नंबर सांग."

मुलीने त्याच्याकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. नंबर सांगताना तिला शेवटचे दोन आकडे आठवेनात, बोटांनी हवेत दाबून दाबून तिने ते काढले. साडेतीनला पाच कमी होते. आईचा फोन वाजत राहिला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, सहाव्यांदा. अनोळखी नंबर उचललास तर पोरीचं बोट कापू, असं त्यांनी आईला बजावून ठेवलं असणार. तोआनने तिच्या गावच्या चौकीला फोन केला. चौकीतला माणूस म्हणाला, बघतो. तोआन ओरडला, बघतो नाही, आत्ता निघ, आई कुठे जाईल?

"सोनाराकडे," येम म्हणाली. ती पांढरी पडली होती. "आईकडे पैसे नाहीत. लग्नातल्या बांगड्या आहेत."

मग ते तिघं त्या खोलीत बसून राहिले. मावशी मुलीच्या घोट्याची दोरी सोडत होती, भाजलेल्या बोटांनी गाठ सुटत नव्हती. तोआन दर मिनिटाला घड्याळ बघत होता. चारला बारा कमी. चारला सात कमी. चारला तीन मिनिटं असताना त्याचा फोन वाजला आणि पलीकडून एक बाई नुसती रडत होती. बोलायला जमत नव्हतं तिला. चौकीवाल्याने सांगितलं, की सोनाराच्या दुकानात साबण लावून बांगड्या काढल्या होत्या, वीस वर्षांत त्या हातातून निघाल्या नव्हत्या. एक तराजूवर होती, एक तिच्या मुठीत.

"आई," येम म्हणाली. "मी आहे. मला कुणी धरलेलं नाही. मी लॉजमध्ये आहे." आणि मग तिला कळलं. चेहऱ्यावर दिसलं ते कळताना. ती भिंतीला टेकली आणि तोंडावर दोन्ही हात घेऊन तशीच बसली.

तोआनने शर्ट चढवला. मडक्याखालचा फोन पिशवीत घातला. "आई संध्याकाळच्या बसने निघतेय," तो म्हणाला. "तोवर हिला तुमच्याजवळ ठेवा. मी तक्रार लिहून येतो. आणि मावशी, शहर कचेरीतून फोन येईल तुम्हाला, जबाबासाठी. जे पाहिलं ते नीट सांगा."

"जी साहेब," मावशी म्हणाली.

खाली काउंटरमागे चटई टाकून मावशीने तिला जेवायला बसवलं. भात, मासा, काकडी. येमने आधी रीतीप्रमाणे "जेवा मावशी" म्हटलं आणि मगच घास उचलला. पहिले चार घास ती रडत जेवली, मग नुसतीच जेवली. मावशीची भीती उतरली तशी जीभ सुटली.

"एक सांग मला. बारा वर्षं शाळा शिकलीस. हातात अख्खी दुनिया दाखवणारा फोन. आणि कुणी ऐऱ्यागैऱ्याने पाय बांध म्हटलं की बांधले?"

"हो."

"हो काय हो? संशय नाही आला?"

"आला ना." येमने वाटी खाली ठेवली. "दर वेळी आला. पण साहेब रोज सकाळ-दुपार-संध्याकाळ विचारायचे, जेवलीस का. नाही म्हटलं तर रागवायचे. मला इथे येऊन तीन महिने झाले मावशी. खोलीवर चौघी आहोत, चौघी फोनात. आई विचारते, तिला मी खोटंच सांगते. दुसरं कुणी विचारलं नव्हतं मला."

 दोन दिवस हीच पोर मावशीच्या डोक्यावरच्या खोलीत उपाशी होती. मावशी उगाचच मोठ्याने बोलली, "मला आला असता असला फोन, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता मी. उभ्या आयुष्यात मला कुणी फसवलं नाही. सहावी नापास आहे मी, म्हणून."

काउंटरवरचा फोन वाजला. मावशीची बोटं माशाच्या रश्श्याने आणि मलमाने बरबटलेली, म्हणून तिने कोपराने स्पीकरचं बटण दाबून फोन घेतला.

"होआ सू लॉज का?" पुरुषाचा आवाज, स्वच्छ, उत्तरेकडच्या वळणाचा. "शहर पोलीस कचेरीतून बोलतोय. मालकीणबाई कोण आहेत?"

मावशी उठून उभी राहिली. "मीच, साहेब. तोआनसाहेब म्हणाले होते, फोन येईल."

"बरोबर. जबाब घ्यायचा आहे. पूर्ण नाव, जन्मवर्ष, ओळखपत्राचा नंबर."

मावशीने कागदावरचं नाव सांगितलं, जे गल्लीत कुणाला माहीत नाही. वर्ष सांगितलं. नंबर तिला पाठ होता, ती एकेक आकडा सुटा करून सांगू लागली. येमचा हात वाटीवर थांबला होता.

"पोलीस तिथे आहेत का अजून?"

"नाही साहेब. गेले."

"मुलगी?"

"इथेच आहे साहेब. माझ्यासमोर. एकटीच आहे."

"ठीक. तिला न्यायला आम्ही गाडी पाठवतोय. गल्लीच्या तोंडाशी आणून सोडा. तपास गुप्त आहे, तेव्हा वॉर्डात कुणालाही फोन करायचा नाही. तोआनलासुद्धा नाही. समजलं?"

"जी साहेब," साऊमावशी म्हणाली. "समजलं साहेब."

येम उठली. काउंटरला वळसा घालून आली आणि फोनची वायर भिंतीतून उपटून टाकली.

मावशी तशीच उभी होती, पाठ ताठ, बरबटलेले हात दोन्ही बाजूंना सरळ. तोंड अर्धं उघडं. तिच्या लक्षात काय आलं आणि किती आलं ते चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं.

"तोच होता. लॉजचं नाव मीच सांगितलं होतं त्याला," येम म्हणाली. तिने मावशीच्या कोपराला धरलं. "बसा मावशी. पहिल्या दिवशी मी पण अशीच उठून उभी राहिले होते."